ताईच्या डब्यांना पॉलिश

माझ्या दादाला कोणी भला माणूस म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आहे तो भला. कोण नाही म्हणतंय? पण भल्या माणसाचाही एक उच्छाद असतो, आणि तो ज्याच्या वाट्याला येतो त्यालाच कळतो. आमच्या घरात तो ताईच्या वाट्याला आला. ताई म्हणजे आमची थोरली बहीण. मधला दादा. मी शेंडेफळ, म्हणून केस पांढरे झाले तरी मला सगळे धाकटीच म्हणतात. मी चपलांच्या दुकानात विक्रीला असते. दिवसभर लोकांच्या पायाशी बसून त्यांचे नखरे ऐकायचे, त्यामुळे माझं डोकं लवकर तापतं असं दादा म्हणतो. त्याला म्हणावं, माझं डोकं दुकानात तापत नाही, तुझ्या घरी आल्यावर तापतं.

आमच्या बाबांचा फर्निचरला पॉलिश करायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड, आणि तिच्या पाठीला लागून आमचं घर. शेडवरच्या बोर्डावर बाबांचं आडनाव आणि पुढे मोठ्या अक्षरांत 'आणि चिरंजीव'. हे चिरंजीव तेव्हा गल्लीत गोट्या खेळत होते. ताई मात्र फ्रॉकच्या वयापासून शेडमध्ये बसून खुर्च्यांच्या पायांना काचपेपर घासत होती. तिच्यासाठी बोर्डावर जागा नव्हती, पण शेडमध्ये भरपूर होती.

आमचं काम जुन्या पद्धतीचं. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, जुन्या मऊ फडक्यात कापूस बांधून त्याचा बोळा करायचा, आणि लाकडावर आठच्या आकड्यात फिरवत राहायचं. वाळलं की पुन्हा. असे थरावर थर. सगळ्यात शेवटी जवळजवळ कोरड्या बोळ्याने एक हात द्यायचा असतो. तिथे माणसाची लायकी कळते. बोळा मध्येच जरासा थांबला की चिकटलाच, आणि खालची सगळी मेहनत उपटून हातात आली म्हणून समजा. बाबांच्या मागे हा शेवटचा हात एकट्या ताईला जमायचा. दादाचा हात जड. हे त्याला माहीत, शेडमधल्या दोन्ही कारागिरांना माहीत, फक्त गिऱ्हाइकांना माहीत नाही. ती यायची, टेबलात आपलं तोंड बघायची आणि म्हणायची, "वा, काय तुमचा हात आहे हो!" दादा मान खाली घालून लाजायचा. लाजायचा, पण नाही म्हणायचा नाही. मागे ताई स्पिरिटने बोटं पुसत उभी.

"अगं, सांग ना त्यांना," मी म्हणायची.

"टेबल चांगलं झालंय ना? मग झालं तर."

या 'झालं तर'चा मला इतका संताप यायचा म्हणून सांगू! दादाचा यायचा त्याहून जास्त. आयुष्यभर ती मूग गिळून बसली. लग्न केलं नाही, ते का, हे विचारायची माझीही कधी हिंमत झाली नाही. मागची एक छोटी खोली तिची, आणि शेडमधलं एक स्टूल तिचं. बाकी सगळं चिरंजिवांचं.

पण एक गोष्ट मात्र तिने स्वतःसाठी केली. डबे जमवले.

झालं असं की एका बाईंचं आरशाचं टेबल पॉलिशला आलं होतं. त्याच्या खणात एक छोटा काळा डबा राहून गेला होता. ताई तो घेऊन गाडीमागे धावली, तर त्या बाई म्हणाल्या, "घरात नुसता धूळ खात होता, ठेवा तुम्हीच." तळहाताएवढा डबा. बाहेरून काळा कुळकुळीत, आतून लालभडक. झाकणावर चित्र: नदी गोठलेली, बर्फात एक भोक पाडलेलं, आणि दोन बायका त्या भोकातल्या पाण्यात चादर खळबळतायत. गार पाण्याने त्यांचे हात लाल झालेत तेसुद्धा दिसतं. कडेने केसाएवढ्या बारीक सोन्याच्या रेघा, आणि खाली कोपऱ्यात सोन्याचीच चारदोन परकी अक्षरं. ताई त्या रात्री जेवायची विसरली होती, हे मला आठवतंय.

तिला वाटलं होतं की लाकूड असणार. मग वाचनालयातून कुठलं तरी पुस्तक आणलं आणि कळलं की रशियातले डबे आहेत, आणि लाकडाचे नाहीतच. कागदाचे! पुठ्ठ्याच्या पट्ट्या कणकेच्या खळीने एकावर एक चिकटवायच्या, दाबायच्या, जवसाच्या तेलात मुरवायच्या, भट्टीत वाळवायच्या. मग त्यावर लाख. रशियातली चार गावं त्यासाठी नावाजलेली. खारीच्या केसांचा ब्रश, आणि सोनं घासायला म्हणे लांडग्याचा दात.

"लांडगा तोंड उघडून बसतो का तोपर्यंत?" मी विचारलं.

ताई इतकी हसली, इतकी हसली की तिला ठसका लागला. डब्यांचा विषय निघाला की ही बाई वेगळीच व्हायची. एरवी चार शब्द बोलताना मोजून बोलणार, आणि डब्यांवर सुरू झाली की आमचा चहा गार.

मग नाद लागला. जुन्या वस्तूंची दुकानं, घर मोडून सामान विकणारे लोक, रशियाला शिकून आलेल्या पोरांच्या आया, सगळीकडे ही जाऊन बसायची. वर्षाला एखादा मिळायचा, एखाद्या वर्षी तोही नाही. तरी कपाट भरत आलं. तीन घोड्यांची घसरगाडी, आगीच्या रंगाचा पक्षी, चहाच्या बंबापाशी बसलेली म्हातारी. तिने रशियन अक्षरंही शिकून घेतली, फक्त कोपऱ्यातल्या सह्या वाचता याव्यात म्हणून. भिंग लावून एकेक अक्षर लावायची आणि एकदम ओरडायची, "धाकटे, ही बाई आहे बघ! नावाच्या शेवटी 'आवा' आलं की बाई!" जणू काही नात्यातलीच कोणी भेटली. चादरीचा डबाही बाईनेच रंगवलेला. त्या बाईचं नाव ताई असं घ्यायची की वाटावं, शेजारच्या गल्लीत राहते आणि संध्याकाळी येणार आहे.

आणि आता नीट ऐका, कारण सगळं यातच आहे. या डब्यांची निगा म्हणजे काय? तर त्यांना हात न लावणं. उन्हात ठेवायचे नाहीत. दिव्याखाली ठेवायचे नाहीत. हवा फार कोरडी झाली की कागद आखडतो आणि झाकण वाकडं होतं, म्हणून कपाटात एक वाटीभर पाणी ठेवायचं. उचलायचा तर हात धुऊन, दोन्ही तळव्यांत, खालून. झाकणाला धरून कधीच नाही. धूळ मऊ ब्रशने झटकायची. बस. पुसायचं नाही, घासायचं नाही, काहीही चोपडायचं नाही. सोन्याच्या त्या रेघा आणि सह्या अगदी वरच्या वर असतात, जरा काही लागलं की गेल्या. दिवसभर शेडमध्ये लोकांची लाकडं घासणारी ही बाई खोलीत येऊन कपाट उघडायची आणि हात मांडीवर ठेवून नुसती बघत बसायची.

दादाला हे सहन व्हायचं नाही. तो पॉलिशवाल्याचा पोर. मंद पृष्ठभाग दिसला की त्याची बोटं शिवशिवतात. "ताई, जरा कळा गेलीय गं यांची. दे, एक हात मारून देतो, आरसा करून टाकतो."

"हात लावायचा नाही," ताई म्हणायची.

तो हसायचा. वहिनी हसायची. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. आमच्या घरात तो एक ठरलेला विनोदच झाला होता. विनोद! आत्ता लिहिताना माझे हात शिवशिवतायत.

तर ताई शेडमध्ये पडली. सांडलेल्या तेलावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि ती बरेच दिवस इस्पितळात राहिली. मी दुकान सुटलं की जायची. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय असावं? "धाकटे, कपाटातल्या वाटीतलं पाणी बघत जा. बाकी कशाला हात लावू नकोस." स्वतःच्या हाडाबद्दल एक शब्द नाही.

मी पाणी बघत होते. नंतर मध्ये दुकानात महिनाभर सेल लागला आणि घरी माझं जाणं राहिलं. वहिनीला फोन केला तर म्हणाली, "अहो, पाण्याचं मी बघते, तुम्ही निवांत राहा." सेल संपल्यावर गेले. खोलीचं दार उघडलं आणि नाकात स्पिरिटचा वास गेला. इथे स्पिरिट कशाला, असं मनात येतंय न येतंय तोवर कपाट उघडलं होतं.

डबे चमकत होते. सगळेच्या सगळे. अगदी दादा म्हणायचा तसा आरसा करून टाकलेला.

मला आधी काही कळेना. मग चादरीचा डबा उचलला, दोन्ही तळव्यांत, ताईने शिकवलं तसा. नदी पिवळी झाली होती. चपडीचा रंगच मुळात चहासारखा, तो बर्फावर बसला होता. बायकांचे लाल हात, पांढरी चादर, सगळं पिवळट. कडेच्या सोन्याच्या रेघा गायब. मी कोपऱ्यात बघितलं. तिथे गुळगुळीत काळं. बाकीचे डबे उचलायची गरज नव्हती, तरी एकेक उचलला. कुठेही एक अक्षर शिल्लक नव्हतं.

मी शेडमध्ये कशी पोचले ते मला सांगता येणार नाही. दादा कारागिरांबरोबर चहा पीत होता. मला बघून त्याचा चेहरा फुलला. खरंच फुलला! "बघितलेस? ताईला सांगू नकोस हं. तिला घरी आल्यावर एकदम दाखवायचेत."

"तू काय केलंस हे?"

"चार रविवार घालवलेत मी त्यात," दादा म्हणाला. "आधी स्पिरिटने सगळा मळ काढला. वर काहीतरी सोनेरी घाण बसली होती, तीही काढली. मग हलक्या हाताने बारीक पावडर, आणि मग पॉलिश. कसे ऊबदार दिसतायत ना?"

सोनेरी घाण! मी हातातला चहाचा कप त्याला फेकून मारला नाही, कारण हातात कप नव्हता. बाकी जे तोंडाला आलं ते बोलले. अक्कल गहाण टाकलीयस का, म्हटलं. जन्मभर तिची मेहनत आपल्या नावावर खपवलीस ती पुरली नाही म्हणून उरलेल्यावरही हात फिरवलास का, म्हटलं. दोघे कारागीर कप घेऊन बाहेर सटकले. दादाला खरंच समजत नव्हतं. त्याने डबे खराब केले, हे त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं, कारण ते चमकत होते.

वहिनी धावत आली. "असं काय बोलता हो धाकट्या वन्सं? त्यांनी किती जीव ओतला त्यात. ताईंना तिथे पडल्या पडल्या वाईट वाटू नये, लवकर उठून कामाला लागाव्यात, म्हणून केलं ना सगळं?"

लवकर उठून कामाला लागाव्यात. ते एक बरं तोंडातून निसटलं. शेडच्या मधोमध एक भलंमोठं अक्रोडाचं जेवणाचं टेबल उभं होतं. एका डॉक्टरीणबाईंचं, त्यांच्या आजोबांच्या वेळचं. त्याचे सगळे थर चढून झाले होते. फक्त शेवटचा हात राहिला होता, आणि तो द्यायला ताई नव्हती. डॉक्टरीणबाई फोनवर फोन करत होत्या. दादा डब्यांवर प्रेमाने खपला, यात खोटं काही नाही. पण त्या प्रेमाच्या पोटात टेबल होतं, हेही खोटं नाही.

इस्पितळात ताईला मी काही सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, रक्तदाब वर जाऊ देऊ नका. ती विचारायची, "वाटी भरलीस?" मी म्हणायची, "भरली." आणि बाहेर येऊन जिन्यात उभी राहून दातओठ खायची. डबे तर गेलेच होते, त्यांचं आता काही होणार नव्हतं. माझा जीव टांगणीला लागला होता तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. ही बाई हेसुद्धा गिळणार का? घरी येईल, बघेल, आणि म्हणेल, झालं तर? तिने तसं म्हटलं असतं ना, तर मी त्या घराची पायरी पुन्हा चढले नसते. तिच्यासाठीही नाही.

ती घरी आली. दादाने तिला हाताला धरून खोलीत नेलं, काठी वहिनीने धरली, मागे मी. "डोळे मीट," दादा म्हणाला. लहान मूलच जणू! तिने मिटले. त्याने कपाट उघडलं, आणि वर एक बल्बही लावून ठेवला होता शहाण्याने, तो पेटवला. "आता उघड."

ताईने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पलंगावर बसली आणि हात पुढे केले. चादरीचा डबा मी तिच्या तळव्यांत ठेवला. तिने अंगठ्याने झाकण उचलायचा प्रयत्न केला. उघडेना. पॉलिश फटीत उतरून झाकण खोक्याला चिकटून बसलं होतं. तिने जोर केला नाही. भिंग मागितलं, कोपरा बघितला, डबा फिरवून चारी कडा बघितल्या. भिंग खाली ठेवलं.

"कसे वाटले?" दादा म्हणाला. खरंच, असं विचारलं त्याने.

"मेहनत घेतलीस," ताई म्हणाली.

बस. एवढंच. माझ्या डोक्यात तिडीक उठली. "मेहनत? ताई, अगं सह्या गेल्या! याने सह्या पुसल्या! बोल ना काहीतरी त्याला!"

"धाकटे, ओरडू नकोस."

"काढता तरी येईल का हे वरचं?"

"काढायला पुन्हा स्पिरिटच लागेल. मग खालचं राहिलंय तेही जाईल." आणि मग दादाकडे बघून म्हणाली, "तो दिवा बंद कर. मला पडायचंय."

वहिनीने सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला. मी पर्स उचलली आणि दार आपटून निघाले. वाटेत मी तिला काय काय बोलले, मनातल्या मनात! जन्मभर लोकांच्या पायाशी मी बसते, पण पायपुसणं तू झालीस, असं म्हटलं. घरी नवऱ्याने विचारलं, काय झालं, तर त्यालाच झापलं.

आठवडाभर मी फोन केला नाही. मग तिचाच आला. "उद्या सकाळी ये. मला शेडमध्ये जायचंय. कोणीतरी धरायला हवं."

"कशाला? टेबलाला शेवटचा हात द्यायला?"

"ये तर."

मी गेले. खोटं कशाला बोलू, भांडायलाच गेले. घरापासून शेडपर्यंत ती काठी टेकत चालत होती आणि मी तिचा दंड धरून बोलत होते. तुला लाजच नाही म्हटलं. त्याने तुझं घर जाळलं आणि तू त्याला हात शेकायला देतेयस म्हटलं. ती पायाकडे बघत चालत राहिली. एकदा फक्त म्हणाली, "हळू चल गं, दुखतं."

शेडमध्ये सगळा थाट करून ठेवलेला. तिच्या स्टुलावर नवीन उशी. फडकी धुतलेली, कापूस ताजा, बोळा बांधून बशीत ठेवलेला. दादा हात चोळत पुढे आला. "ये ताई, ये. दुपारी त्या बाई न्यायला येतायत. तुला फार वेळ उभं राहायला नको, तू नुसता हात फिरव, बाकी मी पुसतो."

ताईने टेबलाच्या टोकाशी जाऊन, वाकून, दाराच्या उजेडाकडे तोंड करून पृष्ठभाग बघितला. "थर बरे बसलेत."

"बसलेत ना?" दादा खूश.

"घे मग बोळा."

"हा काय, तुझ्यासाठीच ठेवलाय."

"मी नाही. तू घे."

दादा हसला. त्याला वाटलं, थट्टा. "अगं, माझा हात जड आहे."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. "माझ्या डब्यांवर फिरवताना नव्हता का रे जड?"

कोपऱ्यात एक कारागीर खुर्ची घासत होता, त्याचा हात थांबला. वहिनी दारात आली होती, ती तिथेच उभी राहिली.

"ताई, अगं मी प्रेमाने केलं ते," दादा म्हणाला. "तुला बरं वाटावं म्हणून. तुझी शपथ."

"शपथ नको घालूस. प्रेमानेच केलंस. मला तेच पचत नाहीये!" तिचा आवाज चढला. मी माझ्या उभ्या जन्मात तिचा तो आवाज ऐकला नव्हता. "वाकडेपणाने केलं असतंस तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते मी. मी तुला हात लावू नकोस म्हटलं होतं. किती वेळा म्हटलं? दर वेळी तू हसलास. माझं म्हणणं तुला कधी म्हणणं वाटलंच नाही. या शेडमध्ये मी जन्म काढला, कधी काही मागितलं? बोर्ड मागितला? एक गोष्ट मागितली. हात लावू नकोस! तुला काही करायचंच नव्हतं रे त्यात. काहीच करायचं नव्हतं. तेवढंही तुला जमलं नाही?"

"ताई, लोक ऐकतायत," वहिनी म्हणाली.

"ऐकू देत! सोनेरी घाण म्हणालास ना? धाकटीने सांगितलं मला जिन्यातून ओरडून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. तिला वाटलं, मला कळलं नाही. ती घाण नव्हती. त्या बाईचं नाव होतं ते. तिने डोळे फोडून तो डबा केला आणि खाली कोपऱ्यात, कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही एवढं, नाव लिहिलं. आता तो कोणी केला हे कोणालाही कळणार नाही."

म्हणजे तिला इस्पितळातच कळलं होतं! एके दिवशी जिन्यात मी नवऱ्याशी फोनवर बोलत होते, तो माझा आवाज. आणि तरी ती मला रोज विचारत होती, वाटी भरलीस का. मला तिथेच रडू फुटलं, आणि रडता रडता रागही आला, आणि कोणाचा आला तेही कळेना.

दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एवढा मोठा माणूस, बाहीने नाक पुसत होता. "मग टेबलाचं काय करू?" तो म्हणाला.

मला वाटतं, त्याने दुसरं काहीही विचारलं असतं तरी चाललं असतं.

"तू कर," ताई म्हणाली आणि स्टुलावर बसली. "मी बघते."

त्याने बोळा घेतला. बोटांनी दाबून ओल बघितली. टेबलाच्या टोकापासून सुरुवात केली, आणि पहिले दोन हात बरे गेले. तिसऱ्याला तो मध्यावर आला आणि त्याने ताईकडे बघितलं. बरोबर चाललंय ना, हे विचारायला. तेवढाच बोळा थांबला. चिर्रर्र असा बारीक आवाज झाला, आणि अक्रोडाच्या मधोमध तळहाताएवढा चट्टा उठला, खालून कोरडं लाकूड दिसायला लागलं.

मी ताईकडे बघितलं. तिचा उजवा हात उचलला गेला होता. तिने उचलला असं म्हणवत नाही, तो आपला आपण वर आला होता, बोटं जुळवून, बोळा धरल्यासारखी. दादाने बोळा तिच्याकडे पुढे केला. ती त्या चट्ट्याकडे बघत होती. मग तिने तो हात दुसऱ्या हाताने धरून खाली आणला, काठीवर ठेवला आणि त्यावर दुसरा हात दाबून धरला.

"धाकटे, चल," ती म्हणाली.

आम्ही बाहेर आलो. माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगते. मला आनंद झाला होता. या दिवसाची मी जन्मभर वाट बघितली होती, आणि तो चट्टा बघून माझं काळीज थंड झालं होतं. मला ओरडून सगळ्या गल्लीला सांगावंसं वाटत होतं. पण ताई रडत होती.

"अगं, आता कशाला रडतेस?" मी म्हटलं. "बरी अद्दल घडली."

"ते टेबल वाचलं असतं गं," ती म्हणाली. "अजून ओलं आहे ते. आत्ता लगेच कडेने हात फिरवला तर बसेल. वाळलं की गेलं."

मी थांबले. तीही थांबली. शेडचं दार उघडंच होतं आणि आतून दादाचा आवाज येत होता, ताई, ताई.

"जायचंय का परत?" मी विचारलं.

ती तशीच उभी राहिली, दाराकडे पाठ करून, ते वाळेपर्यंत.